आपला ‘हो’ नक्की कशाला?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, माझी लेक सॅन होजेला असते. तिथलं नागरिकत्व मिळाल्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये तिनं पहिल्यांदा मत दिलं. मतपत्रिका टपालानं घरी आली होती. व्हिडिओ कॉलवर तिनं मला ती दाखवली. माणसांची नावं संपल्यावर राज्याचे दहा प्रश्न, त्याखाली गावचे आणखी वेगळे, प्रत्येकापुढं ‘हो’ आणि ‘नाही’. “आई, मी कशाला हो म्हणूलोय तेच मला कळंना,” म्हणाली आणि चार प्रश्न कोरेच सोडले. त्यामुळं तिचं मत बाद झालं असेल का? येत्या नोव्हेंबरात परत निवडणूक आहे. हे प्रश्न वाचायचे तरी कसे?
— एक आई, टिळकवाडी

उत्तर : आधी काळजी मिटवते. मत बाद झालेलं नाही. तिथं प्रत्येक प्रश्नाची मोजणी स्वतंत्र होते. चार कोरे राहिले तर ते चार तेवढे मोजले जात नाहीत, बाकीची मतं धरली जातात. न कळलेल्या प्रश्नावर अंदाजे खूण करण्यापेक्षा तुमच्या लेकीनं केलं ते बरं केलं. पण पुढच्या वेळी ते चार तिला कळावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या प्रश्नांतले काही घटनादुरुस्तीचे असतात. ‘घटनादुरुस्ती’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दिल्लीची संसद येते. तुमच्या लेकीच्या कागदावर असते ती कॅलिफोर्निया राज्याच्या घटनेची दुरुस्ती. अमेरिकेत पन्नास राज्यांच्या पन्नास घटना आहेत. डेलावेअर सोडलं तर बाकी 49 राज्यांत विधिमंडळानं सुचवलेली दुरुस्ती लोकांनी मत दिल्याशिवाय लागू होत नाही. देशाची घटना बदलताना मात्र तिथंही मतदाराला विचारत नाहीत. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि मग 50 पैकी 38 राज्यांची मान्यता, असा तो रस्ता आहे.

2024 च्या त्या दहांत सगळ्याच घटनादुरुस्त्या नव्हत्या. तीन होत्या. बाकीच्यांत साधे कायदे होते आणि दोन कर्जरोख्यांचे होते. कर्जरोखे म्हणजे सरकारनं काढायचं कर्ज. शाळांच्या इमारतींसाठी 10 अब्ज डॉलर, असं ‘प्रपोझिशन 2’ मध्ये, म्हणजे राज्याच्या 2 क्रमांकाच्या प्रश्नात, लिहिलं होतं. शाळेला कोण नाही म्हणणार? पण मतदारांसाठीच्या माहितीपुस्तिकेत आत लिहिलं होतं की फेडीला 35 वर्षं, दरवर्षी सुमारे 50 कोटी डॉलर लागतील. गुणाकार केला तर 17.5 अब्ज होतात. मी असते तर तरीही ‘हो’ म्हटलं असतं, पण आकडा डोळ्यांखालून गेल्यावर. गावच्या कर्जरोख्यांची फेड तर बहुधा घरपट्टीतून होते, म्हणजे लेकीच्या घराचा फाळा वाढतो. हे गावचे प्रश्न ‘मेझर’ म्हणून येतात आणि त्यांना आकड्याऐवजी अक्षर असतं.

आता वाचायचं कसं. एका कोऱ्या कागदाला मधोमध घडी घाला. डावीकडं लिहा : ‘हो’ जिंकला तर दुसऱ्या दिवशी काय बदलेल. उजवीकडं : ‘नाही’ जिंकला तर काय होईल. दोन्ही बाजू आपल्या मराठीत लिहून होईपर्यंत खूण करायची नाही. हे पोरखेळ वाटेल, पण 2016 चं उदाहरण बघा. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं दुकानातल्या पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घालणारा कायदा आधीच केला होता. पिशव्या बनवणाऱ्यांनी सह्या गोळा करून तो लोकांच्या मताला लावला. ‘प्रपोझिशन 67’ मध्ये ‘हो’ म्हणजे बंदी राहू दे आणि ‘नाही’ म्हणजे बंदी नको. ज्याला पिशवीला ‘नाही’ म्हणायचं होतं, त्यानं कागदावर ‘हो’ करायचं होतं! बंदीचा कायदा टिकला. पण किती जणांचा हात त्या दोन शब्दांपाशी अडखळला असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

शब्दांचं वजन दाखवणारी आणखी एक गोष्ट. 2024 मध्येच कॅलिफोर्नियात तुरुंगातल्या कैद्यांकडून सक्तीनं काम करून घेण्याची मुभा घटनेतून काढायचा प्रश्न होता. पुस्तिकेत विरोधातली बाजू लिहून द्यायला कुणीही पुढं आलं नाही. तरी तो पडला. त्याच दिवशी शेजारच्या नेवाडात जवळपास तोच प्रश्न मंजूर झाला. नेवाडाच्या प्रश्नात ‘गुलामगिरी’ हा शब्द होता, कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवरच्या मथळ्यात तो नव्हता.

पुस्तिकेत आधी मथळा आणि सारांश असतो. तो राज्याचा ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, लिहितो आणि तो निवडून आलेला राजकारणी असतो. म्हणून तिथं थांबायचं नाही. पुढं विधिमंडळाच्या स्वतंत्र विश्लेषकानं पैशाचा हिशेब मांडलेला असतो, तो सगळ्यात कामाचा. मग बाजूनं आणि विरोधात लिहिलेली मतं येतात. त्यांतली विशेषणं सोडा, खाली सह्या कुणाच्या आहेत ते वाचा. शेवटी मूळ मजकूर. त्यात काढायच्या शब्दांवर रेघ मारलेली असते आणि नवे शब्द तिरप्या टाइपात असतात. नुसते तेवढेच वाचले तरी दुरुस्ती काय आहे ते कळतं.

आणि तुमच्यासाठी एक आनंदाची गोष्ट. ही पुस्तिका दहा भाषांत निघते. मराठीत नाही, पण हिंदीत निघते. मोबाइलवर मिळते. तुम्ही इथं टिळकवाडीत बसून वाचा, लेक तिथं वाचेल, आणि रविवारी फोनवर डावी-उजवी बाजू जुळवून बघा.

हे मी एवढं आग्रहानं का सांगते? बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गावच्या ग्रामसभेत ठराव कन्नडमध्ये वाचला गेला. शेजारच्या बायकांनी हात वर केला, म्हणून मीही केला. मी, नागरिकशास्त्र शिकवणारी बाई! दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर एका म्हातारीनं विचारलं, “बाई, काल कशाला हात वर केलासा?” मला सांगता आलं नाही. तो ठराव पाणीपट्टी वाढवायचा होता आणि तिच्या घरात नळसुद्धा नव्हता. पुढच्या सभेपासून ठराव मराठीत समजावून सांगितल्याशिवाय मी हात वर केला नाही, आणि समजावून सांगा म्हणून उभं राहायची लाजही सोडली.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत राज्याची घटना बदलताना लोकांना विचारतात. 1956 ला आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा आजोबांना कुणी विचारलं नाही. आपल्या संविधानात तशी सोयच नाही, की आहे आणि आम्हाला देत नाहीत? ‘एक देश, एक निवडणूक’ या दुरुस्तीवर तरी आम्हाला मत देता येईल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तशी सोय नाही. अनुच्छेद 368 प्रमाणे दुरुस्ती संसदेत होते. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन-तृतीयांश लागतात. काही विषयांत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. तू विचारलेलं 129 वं दुरुस्ती विधेयक 17 डिसेंबर 2024 ला लोकसभेत मांडलं गेलं, तेव्हा बाजूनं 269 आणि विरोधात 198 मतं पडली. मांडायला तेवढी पुरली. मंजुरीची वेळ असती, तर त्याच हजेरीत 312 लागली असती. ते विधेयक संयुक्त समितीकडं गेलं. तुझं मत तुझ्या खासदारातून जातं. म्हणून त्याला पत्र लिही, आणि कुठल्या कलमाबद्दल लिहितोस तेही लिही.

राज्याच्या सीमेचं तर याहून कठीण आहे. ती बदलायला घटनादुरुस्तीची पद्धतही लागत नाही. अनुच्छेद 3 खाली संसद साध्या बहुमतानं कायदा करू शकते. विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडं मत कळवायला पाठवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. 2014 च्या जानेवारीत आंध्र प्रदेश विधानसभेनं विभाजनाचं विधेयक नाकारलं आणि 2 जूनला तेलंगण झालं. अमेरिकेच्या घटनेत एका राज्यातून दुसरं काढायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमतीच लागते. मत मागवणं आणि संमती घेणं यांतलं अंतर आपण सीमाभागातली माणसं चांगली ओळखतो.

1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं बेळगाव जिल्हा म्हैसूरला दिला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा वगळला. चंदगड कोल्हापूरकडं गेलं, खानापूर इकडं राहिलं. तुझ्या आजोबांच्या हाती कुणी कागद दिला नाही, हे खरं आहे. तो प्रश्न विचारायला हवा होता असं मला आजही वाटतं आणि ते लिहायला मी कचरत नाही.

पण मनाई आहे असं समजू नकोस. संसदेनं ठरवलं तर विचारता येतं. गोव्याचं उदाहरण घराशेजारचंच आहे. 1966 मध्ये संसदेनं खास कायदा केला आणि 16 जानेवारी 1967 ला सार्वमत झालं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर ‘फूल’, केंद्रशासित राहायचं असेल तर ‘दोन पानं’. फुलाला 1,38,170 मतं पडली, पानांना 1,72,191. हे वाचताना एवढंच बघू नकोस की कोण जिंकलं. स्वतंत्र राज्य हवं असलेल्या गोवेकरानं त्या दिवशी कशावर खूण करायची होती? त्या कागदावर तिसरं चित्रच नव्हतं. गोवा राज्य झालं ते 30 मे 1987 ला.

म्हणून उद्या सीमाप्रश्नावर मतदान घेऊ म्हणून कुणी आलं, तर टाळ्या वाजवण्याआधी मी विचारेन, मोजणार काय धरून? गाव धरून, तालुका धरून की जिल्हा? तेवढ्यावर निकाल फिरतो. जिल्हा धरला तर खानापूरच्या मराठी गावाचं मत अथणी-रामदुर्गच्या बेरजेत विरघळतं. गाव हाच घटक धरायचा, सलगता बघायची, बहुसंख्यांची भाषा बघायची आणि लोकांची इच्छा बघायची, हे पाटसकर सूत्र महाराष्ट्र मांडत आला ते याचसाठी. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

1996 ची लोकसभा तुझ्या जन्माआधीची. त्या वेळी बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे होते. यादी संपता संपत नव्हती. मला त्या यादीकडं बघून भरून आलं होतं. सीमेचा प्रश्न छापायला कुणी जागा देईना, म्हणून माणसांनी आपल्या नावांनीच तो कागद भरून टाकला होता. त्यानंतर अनामत 500 वरून 10,000 रुपये झाली.

आणखी एक, कारण तुला त्याचा उपयोग होईल. 1956 च्याच सातव्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद 350 क आणि 350 ख संविधानात आले. पहिल्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यानं पुरेशा सोयी द्यायचा प्रयत्न करावा असं आहे, दुसऱ्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे. तुमच्या गावच्या मराठी शाळेत शिक्षक कमी असतील, तर अर्जात या कलमांचे आकडे घाल.

प्रश्न : माझ्या बहिणीचं सासर कागल तालुक्यात. गावात दारूचं दुकान बंद करायला बाटलीचं मतदान लागणार म्हणतात. त्याच दिवशी आमच्या भाच्याचं लग्न आहे. ती गेली नाही तर एका मतानं काय बिघडणार?
— एक बहीण, निपाणीजवळून

उत्तर : इथं बिघडतं. महाराष्ट्रात गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर उभी बाटली असते आणि आडवी बाटली असते. दुकान बंद व्हायला आलेल्यांतल्या निम्म्या पुरत नाहीत, यादीत नोंद असलेल्या महिलांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवी करावी लागते. समजा यादीत 800 बायका आहेत. 401 हव्यात. मतदानाला 500 आल्या आणि त्यांतल्या 400 जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच. न आलेली प्रत्येक जण उभ्या बाटलीच्या बाजूनं धरल्यासारखी होते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात घटनादुरुस्तीला 60 टक्के लागतात आणि 2024 मध्ये 57 टक्के मिळवलेली दुरुस्ती पडली, पण तिथं निदान टक्के आलेल्यांतलेच मोजतात. कागलचा नियम त्याहून कडक आहे.

मुहूर्त दुपारचा असेल तर बहिणीला सकाळी मत देऊनच निघू दे. सकाळचा असेल तर अक्षता टाकून लगेच एस. टी. पकडू दे. निपाणी ते कागल फार लांब नाही. मतदान किती वाजता संपतं ते आदल्या दिवशी तिनं चावडीवर विचारून ठेवावं, आणि लग्नाला येणाऱ्या त्या गावच्या बाकी बायकांनाही बरोबर घ्यावं.