पौल तंबू करत होता, मग मिशनऱ्यांना मदत कशासाठी?

सुवार्तेसाठी, म्हणजे येशूचा संदेश सांगण्यासाठी, दूर पाठवलेल्या कुटुंबाची मदत चालू ठेवावी की नाही, यावर आपल्या कार्यकारिणीत वाद आहे आणि ‘प्रेषित पौलाने स्वतःच्या हातांनी कष्ट केले, मग यांनी का करू नयेत?’ असे विचारले जात आहे, हे आपण लिहिले आहे. याच प्रश्नावर आमच्या मंडळीकडून (चर्चकडून) अशाच एका कुटुंबाला जाणारी मदत एकदा बंद पडली होती, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मत्तय २८:१९ आणि प्रेषितांची कृत्ये १:८ आपल्या सभासदांना पाठ असतील. त्या वचनांवरून सुवार्ता घेऊन जगभर जायला हवे हे ठरते; गेलेल्याचा भार कोणी उचलायचा, हे ठरवायला मात्र पुढे वाचावे लागते.

करिंथात पौल अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करत होता, हे खरे आहे (कृत्ये १८:३). परंतु त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात त्याचे सहकारी सीला व तीमथ्य मासेदोनियाहून येतात आणि पौल वचन सांगण्यात गढून जातो. शिवाय मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी आपली गरज भागवली, असे तो स्वतःच करिंथकरांस लिहितो (२ करिंथ ११:९). ही दोन्ही वचने शेजारी ठेवली, तर मदत पोहोचल्यावर त्याचा वेळ सुवार्तेसाठी मोकळा झाला, असे मला दिसते. मी धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, त्यामुळे आपल्या पाळकांचे मतही घ्यावे. सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, हा प्रभूचा नियम पौल सांगतो (१ करिंथ ९:१४) आणि नंतर आपला हक्क सोडतो. तो हक्क त्याने स्वतः सोडला. दुसऱ्याच्या वतीने तो सोडून देण्याचा अधिकार कार्यकारिणीला कोणी दिला, हे मला कधीच उमगलेले नाही. योहानाचे तिसरे पत्रही वाचावे. अनोळखी प्रवासी बंधूंची वाटेची सोय करणाऱ्या गायसाची योहान वाखाणणी करतो आणि अशांना मदत करणारे सत्याच्या कामात सहकारी ठरतात, असे सांगतो. लगेच पुढे दियत्रफेसाचे नाव येते, जो अशा बंधूंना स्वीकारत नाही आणि स्वीकारू पाहणाऱ्यांनाही अडवतो.

मात्र आमचे सर्वांत मोठे नुकसान या आक्षेपाने झाले नाही. मदत ज्या कार्यालयामार्फत जात होती, त्या कार्यालयाने ते केले. त्या कुटुंबाची पत्रे तिथे येत, चार ओळींचा सारांश छापील परिपत्रकात जाई आणि मूळ पत्र फायलीत पडून राही. कुटुंबाला आपली आठवणच नाही, असे आमच्या सभासदांना वाटू लागले आणि मंडळी आपल्याला विसरली, असे त्यांना. पुढे एक पत्र हाती आले. त्यावर आवक शिक्का होता, समासात पेन्सिलीने ‘परिपत्रकासाठी’ असे लिहिले होते आणि सुवार्तिकाच्या पत्नीने आमच्या महिला मंडळातील बहिणींची नावे घेऊन एकेकीची चौकशी केली होती. त्यांतली एक बहीण तोवर प्रभूकडे गेली होती. विचारणा केली, तेव्हा ‘आमची पद्धत हीच आहे’ एवढेच उत्तर मिळाले. मदत थांबल्याचेही त्या कुटुंबाला कोणी कळवले नव्हते. खात्यात रक्कम आली नाही, तेव्हा त्यांना ते समजले. याचा मला आजही राग येतो.

फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठवली, तेव्हा पौलाने त्याच मंडळीला ती मिळाल्याची पोच दिली आणि एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आल्याचेही कळवले. अंत्युखियाच्या मंडळीने पाठवलेले बर्णबा व पौल परत आले, तेव्हा त्यांनी मंडळीला एकत्र जमवून सर्व वृत्तांत सांगितला (कृत्ये १४:२७). म्हणून माझे ठाम मत आहे की, पैसे कोणत्याही मार्गाने जावोत, पत्रव्यवहार मंडळी आणि कुटुंब यांच्यात थेटच हवा. सर्व संस्था वाईट असतात, असे मी म्हणत नाही. पत्रे जशीच्या तशी पोहोचवणारी कार्यालयेही मी पाहिली आहेत.

हिशेबाबाबत एक सूचना करतो. वर्गणी घेऊन जाताना कोणी दोष देऊ नये, म्हणून पौलाने तीताबरोबर आणखी बंधू पाठवले (२ करिंथ ८:१६-२४). आपणही रक्कम एकाच व्यक्तीच्या हाती ठेवू नये, आणि मदत किती काळ चालेल व बंद करायची झाल्यास किती महिने आधी कळवायचे, हे लेखी ठरवावे. पैसे परदेशी पाठवायचे असल्यास कायद्याची बाजू जाणकारालाच विचारावी.

मतदानापूर्वी फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-२० सभेत मोठ्याने वाचावे आणि त्यानंतर त्या कुटुंबाचे ताजे पत्र, सारांश न करता, पूर्ण वाचावे.