नाव त्यांचं, पत्ता आपला

‘पाकिटावर आमचं नाव नाही, पण पत्ता आमचाच. घरावर जप्ती येईल का हो?’

सल्ला विचारायला आलेल्या कल्याणच्या एका बाईंचा हा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुना फ्लॅट विकत घेतला, आणि तेव्हापासून आधीच्या मालकाच्या नावाने कर्जवसुलीची पत्रं येत होती. अकरा पाकिटं साड्यांच्या घडीखाली दडवलेली. सासूबाईंना सुगावा लागू दिला नव्हता. बेल वाजली की छातीत धडधड.

पाकिटं टेबलावर ठेवून पाठवणाऱ्याप्रमाणे लावली. अकराची निघाली तीन ठिकाणं: एक बँक, एक फायनान्स कंपनी, एक वकील. बाईंचा श्वास तिथेच जरा मोकळा झाला.

कर्ज माणसाच्या नावावर असतं. त्या पत्त्यावर राहतो म्हणून आपण देणेकरी होत नाही, आपला सिबिल स्कोअरही बिघडत नाही. जुन्या फ्लॅटला मात्र एक गोष्ट तपासावीच लागते: घरच तारण आहे का? बाईंच्या फाइलीत आधीच्या मालकाचं गृहकर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला होता. ‘सरसाई’ या केंद्रीय तारण नोंदणीत थोडं शुल्क भरून शोध घेतला, तिथेही बोजा नव्हता. बोजा निघाला असता तर सल्ला उलटा असता. सरफेसी, म्हणजे तारण मालमत्ता ताब्यात घेऊन कर्ज वसूल करण्याच्या कायद्याच्या मागणी नोटिशीत 60 दिवसांची मुदत असते, त्यामुळे लगेच वकील गाठावा लागला असता.

वसुलीच्या मुलाला ‘ते इथे राहत नाहीत’ हे बाईंनी चारदा सांगितलं होतं. त्याने काही साधत नाही. एजन्सी बदलते, कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं जातं आणि यादीसोबत जुनाच पत्ता पुढे सरकतो. म्हणून बँक आणि फायनान्स कंपनी, दोघांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना अर्ध्या पानाचं पत्र, तेच ई-मेलने, आणि वकिलाला त्याची प्रत. त्यात पाकिटावरचं नाव, दिसत असल्यास संदर्भ क्रमांक, आपण कधीपासून मालक आहोत, त्या व्यक्तीशी संबंध नाही, पत्ता काढून तसं लेखी कळवा. सोबत इंडेक्स टूची, म्हणजे घरखरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची झेरॉक्स, त्यावर पॅन असेल तर तो काळ्या शाईने झाकून. बाई आधार-पॅनही जोडायला निघाल्या होत्या; ते अजिबात द्यायचं नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

नवं पाकीट आलं तर फोडायचं नाही. दर्शनी बाजूचा फोटो काढायचा, ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असं लिहून पोस्टमनकडे परत द्यायचं. कोर्टाचं समन्स असेल तर सही करून ठेवून घ्यायचं नाही. समन्स आणणाऱ्या बेलिफाला तसा शेरा मारायला सांगायचं. दारात कोणी आलं तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागायचं. वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 एवढ्यातच करता येतात, आणि तेही कर्जदाराला किंवा जामीनदाराला. ‘पाचशे भरा, केस मिटवतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया द्यायचा नाही. तो कुणाचा माणूस आहे, हेही कळलेलं नसतं.

सासूबाईंना सांगणं बाईंना सगळ्यांत जड वाटत होतं. पुढच्या भेटीत त्या हसतच आल्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘अगं, दिवाळीच्या आधी दोन पाकिटं मीच परत पाठवली. तुला घोर नको म्हणून बोलले नाही.’