वडिलांच्या अहंकारामुळे घरातली नाती खरंच तुटतात का?

तुटतात. 'मी तत्त्वाने वागतो' म्हणणाऱ्या बापाच्या घरी तर जास्तच, तिथे तक्रारीलाही जागा नसते. गांधीजींचंच बघा. थोरल्या हरिलालला बॅरिस्टर व्हायचं होतं. गांधींचे मित्र प्राणजीवन मेहतांनी त्यांच्या एका मुलाला शिकायला विलायतेला पाठवायची तयारी दाखवली, तर बापूंनी पुतण्या छगनलालला धाडलं. (स्वतः मात्र लंडनचे बॅरिस्टर!) कुणी याला अहंकार न म्हणता आग्रह म्हणेल, पोराला काय फरक पडला? १९११ मध्ये तो वेगळा झाला, पुढे दारूच्या नादी लागला. एकदा कटनी स्टेशनवर गाडीतल्या आईच्या, म्हणजे कस्तुरबांच्या, हातात त्याने संत्रं ठेवलं. वडिलांनी विचारलं, मला काय? तर म्हणाला, हे फक्त बांसाठी.