न्यू जर्सीतला गाडीचा इन्शुरन्स: चिपळूणहून निघायच्या आधी काय जमवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन महिन्यांत चिपळूणहून न्यू जर्सीतल्या एडिसनला जायचंय, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, सोबत पत्नी आणि लहान मूल. दोघांनाही गाडी येते. तुमचं लायसन्स बारा वर्षांचं, एमएच-०८ ची गाडी, पाच वर्षांत एकही क्लेम नाही. न्यू जर्सीत इन्शुरन्स सरासरी कितीला पडतो, तो कशावर ठरतो, आणि इथला ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) तिथे चालतो का?

आधी आकडा. फुल कव्हरेजची, म्हणजे समोरच्याचं नुकसान आणि स्वतःची गाडी दोन्ही धरून, सरासरी म्हणून जे आकडे छापून येतात ते वर्षाला साधारण दोन ते तीन हजार डॉलरच्या दरम्यान असतात. कायद्यापुरती पॉलिसी त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण ही सरासरी ज्याच्यावरून काढतात तो बहुतेक वेळा चाळिशीचा, वर्षानुवर्षं अमेरिकन लायसन्स असलेला, चांगल्या क्रेडिट स्कोअरचा कल्पित माणूस असतो. तुम्ही तो नाही. कंपनीच्या संगणकात पहिल्या दिवशी तुमची पाटी कोरी असते, आणि या धंद्यात कोऱ्या पाटीला जास्त पैसे पडतात. पहिलं कोटेशन सरासरीच्या वर येणार हे धरूनच चला. ते खाली आणायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि त्यातलं अर्धं काम चिपळुणातच उरकायचं असतं. त्याकडे खाली येतो, पण त्याआधी पॉलिसीत काय घ्यायचं ते. नवीन माणसं चुकतात ती इथेच.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकारी असतो. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, मग चालवणारा विशीतला पोरगा असो की निवृत्त मास्तर. आणि अपघातात माणूस दगावला किंवा जायबंदी झाला तर थर्ड पार्टी भरपाईला वरची मर्यादा नसते, न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनीच्या गळ्यात पडते. मर्यादा फक्त मालमत्तेच्या नुकसानाला, साडेसात लाखांची. म्हणून आपल्याला लिमिटचा रकाना बघायची सवयच नसते. न्यू जर्सीत पॉलिसीच्या पहिल्या पानावर, ज्याला डिक्लरेशन पेज म्हणतात, पहिल्यांदा तोच रकाना बघायचा.

१ जानेवारी २०२६ पासून नव्या किंवा नूतनीकरण झालेल्या स्टँडर्ड पॉलिसीत कायद्याने किमान ३५/७०/२५ लागतं. त्याआधी ते २५/५०/२५ होतं, आणि २०२२ पर्यंत तर १५/३०/५. आकडे हजार डॉलरमध्ये वाचायचे. तुमच्या चुकीने जखमी झालेल्या एका माणसाला जास्तीत जास्त ३५ हजार, सगळे जखमी मिळून ७० हजार, आणि समोरच्याची गाडी, कुंपण, खांब वगैरेला २५ हजार. त्यावरची रक्कम तुमची. समजा रूट वनवर सिग्नलला पुढच्या गाडीला मागून ठोकलंत, ती ६२ हजारांची नवी एसयूव्ही निघाली आणि टोटल लॉस झाली. कंपनी २५ हजार देऊन मोकळी होते, ३७ हजार तुमच्या नावावर राहतात. कोर्टाचा निकाल विरोधात गेला तर वसुली पगारातूनही होते. १००/३००/१०० च्या खाली जाऊ नका. किमान लिमिटवरून तिथे जाताना प्रीमियम त्या प्रमाणात तिप्पट होत नाही, वाढ बरीच कमी असते. दोन्ही कोटेशनं शेजारीशेजारी मागून फरक बघा. लीजवर गाडी घेतलीत तर लीजवाले बहुधा १००/३००/५० ची अट स्वतःच घालतात.

विमा न उतरवलेल्या किंवा जेमतेम उतरवलेल्या माणसाने तुम्हाला ठोकलं तर त्यासाठी यूएम/यूआयएम नावाचं कलम असतं. ते लायबिलिटीच्या, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या कव्हरच्या, लिमिटइतकं घ्या, त्याहून जास्त घेताच येत नाही. ‘बेसिक पॉलिसी’ नावाचा आणखी स्वस्त प्रकार दाखवतील. त्यात समोरच्याच्या दुखापतीचं कव्हर मुळात नसतं, हवं तर १० हजारांचं वरून घ्यायचं, आणि यूएमही नसतं. नोकरदार माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

न्यू जर्सी हे नो-फॉल्ट राज्य आहे, म्हणजे चूक कोणाचीही असो, तुमच्या आणि घरच्यांच्या औषधपाण्याचा खर्च तुमच्याच पॉलिसीतल्या पीआयपी नावाच्या कव्हरमधून होतो. त्यात १५ हजारांपासून २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत पर्याय असतात. पूर्ण अडीच लाखांचं घ्या, कारण तिथल्या हॉस्पिटलात १५ हजार दोन दिवसांत संपू शकतात. पैसे वाचवायचे तर पीआयपीचं डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आधी स्वतः भरायचा वाटा, वाढवा, ते २५० पासून २,५०० डॉलरपर्यंत असतं. दुसरी वाट म्हणजे ‘हेल्थ इन्शुरन्स प्रायमरी’: औषधोपचाराचं बिल आधी नोकरीतल्या आरोग्य विम्याकडे जातं, म्हणून प्रीमियम उतरतो. टिक करायच्या आधी एचआरकडून लेखी घ्या की तो आरोग्य विमा मोटार अपघाताचा खर्च देतो. काही कंपन्यांच्या प्लॅनमध्ये तो वगळलेला असतो. आणि अपघाताच्या वेळी आरोग्य विमा चालू नसेल तर पीआयपीतून पैसे मिळतात, पण ७५० डॉलरचं जादा डिडक्टिबल बसतं. एच-१बीवर नोकरी बदलताना आरोग्य विम्यात मधे पडणारं खिंडार लक्षात ठेवा.

अजून एक टिक असते, ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’. ती घेतली तर कायमस्वरूपी किंवा कायद्यात नमूद गंभीर दुखापत सोडून वेदना-मनस्तापासाठी दावा लावता येत नाही. बदल्यात प्रीमियम चांगलाच कमी होतो, म्हणून बहुतेक लोक तीच घेतात. ती घरातल्या सगळ्यांना लागू होते एवढं ध्यानात असू द्या.

स्वतःच्या गाडीचं कव्हर दोन तुकड्यांत येतं. कोलिजन म्हणजे ठोकाठोकी. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे चोरी, आग, झाड पडणं, पूर, जनावर. चिपळूणकरांना पुराचं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं ते गावाने पाहिलंय, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीतही रस्ते आणि पार्किंग बुडाले. आपल्याकडे पाण्यात गेलेलं इंजिन चालू केल्यामुळे गेलं तर इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसताना क्लेम अडकतो. तिथे पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्हमध्येच बसतं, वेगळं ॲड-ऑन लागत नाही. पण जुनी गाडी घेऊन नुसतं लायबिलिटी ठेवलंत तर पुराचा एक डॉलर मिळणार नाही. आणि पाणी चढलेली गाडी चालू करू नये हा नियम दोन्हीकडे सारखाच.

हरणांचं बघा. आंबोलीच्या रस्त्याला गवा आडवा येतो तशी तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी हरणं येतात. हरणाला धडक बसली तर ते कॉम्प्रिहेन्सिव्ह, तुमची चूक धरत नाहीत. हरण वाचवायला स्टिअरिंग फिरवलंत आणि झाडावर गेलात तर ते कोलिजन, चूक तुमची, आणि पुढची काही वर्षं प्रीमियम चढा. तेव्हा आपल्या लेनमध्ये सरळ, जोरात ब्रेक.

डिडक्टिबल ५०० की १,०००? हाताशी हजार डॉलर बाजूला असतील तर १,०००.

आता प्रीमियम कशावर ठरतो. गाडी रात्री कुठे उभी असते तो झिप कोड फार वजन टाकतो. नेवार्क, पॅटरसन, ईस्ट ऑरेंज महाग, हंटरडनसारखी ग्रामीण काउंटी स्वस्त, एडिसन मधे कुठेतरी. मित्राचा स्वस्त पत्ता लावायचा सल्ला तिथे हमखास मिळेल. तो फसवणुकीत मोडतो आणि क्लेमच्या वेळी उघडा पडतो. दुसरं, तिथे इन्शुरन्स नुसत्या गाडीचा नसतो. घरात राहणारा, गाडी चालवू शकणारा प्रत्येक माणूस दाखवावा लागतो, म्हणून पत्नीचं नाव पहिल्या दिवसापासून टाका. सहा महिन्यांसाठी आई-बाबा आले आणि बाबा गाडीला हात लावणार असतील तर एजंटला आधी ईमेलने विचारून ठेवा.

तिसरं क्रेडिट. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, हवाईत कंपन्यांना ते वापरता येत नाही, न्यू जर्सीत येतं. सिबिलचा स्कोअर तिथे कोणी विचारत नाही. गेल्या गेल्या एक क्रेडिट कार्ड घ्या, नेहमीचं मिळालं नाही तर ठेव ठेवून मिळणारं. फायको स्कोअर (तिथलं सिबिल म्हणा) तयार व्हायला किमान सहा महिन्यांचा इतिहास लागतो.

गाडीबद्दल थोडक्यात: चार-पाच वर्षांची साधी सेडान घ्या. ज्या मॉडेलची चोरी जास्त किंवा दुरुस्ती महाग, त्याचा इन्शुरन्स महाग. गाडी पसंत पडली की पैसे द्यायच्या आधी तिचा १७ अक्षरी व्हिन नंबर देऊन कोटेशन मागवा.

मोबाइलवर ड्रायव्हिंग मोजणारं ॲप घेतलं तर सूट देतात. ते जोरात ब्रेक मारणं मोजतं. परशुराम आणि कशेडी घाटात एसटीच्या मागे लागून ज्याचा हात बसलाय त्याने पहिले दोन महिने याच्या नादी लागू नये. त्याऐवजी राज्यमान्य डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा सहा तासांचा ऑनलाइन कोर्स करा. तो केला की तीन वर्षं सूट द्यायला कंपनी कायद्याने बांधलेली आहे, आणि रेकॉर्डवर वाहतुकीचे नियम मोडल्याचे पॉइंट असतील तर दोन कमीही होतात. पॉइंट पटकन चढतात: मर्यादेपेक्षा ताशी १ ते १४ मैल जास्त वेगाला २, १५ ते २९ ला ४.

निघायच्या आधीचे कागद. रत्नागिरी आरटीओकडून दोघांच्याही लायसन्सचं डीएल एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे लायसन्सच्या नोंदीचा उतारा, घ्या. कार्ड बदलून घेतलेलं असेल तर पुढच्या माणसाचं लक्ष नव्या तारखेवर जातं आणि बारा वर्षांची दोन होतात. एक्स्ट्रॅक्टवर पहिल्या लायसन्सची तारीख असते. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट परिवहनच्या साइटवर अर्ज करून, १,००० रुपयांत, एक वर्षासाठी मिळतं. ते मूळ लायसन्ससोबतच चालतं, नुसतं नाही.

मग विमा कंपनीकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र: पासपोर्टवर आहे तसंच नाव, पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, विमा कधीपासून कधीपर्यंत अखंड होता, आणि त्या काळात एकही क्लेम नाही. तारखा आकड्यांत नको, महिना अक्षरांत लिहून घ्या, नाहीतर ५ जुलैचा ७ मे होतो. नावाचा घोळ तर ठरलेलाच. लायसन्सवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, आणि तिथल्या फॉर्मवर आद्याक्षर. एकच व्यक्ती तीन नोंदींत विभागली की इतिहास जुळत नाही.

एनसीबी टक्केवारी म्हणून तिथे चालत नाही. पण वरच्या पत्राच्या आणि एक्स्ट्रॅक्टच्या जोरावर काही कंपन्या परदेशातल्या अनुभवाची वर्षं धरतात, काही अजिबात धरत नाहीत. म्हणून एकाच कंपनीच्या एजंटकडे न जाता अनेक कंपन्यांचं काम करणारा इंडिपेंडंट एजंट गाठा आणि पहिलाच प्रश्न हा विचारा. इथली गाडी विकताना मात्र एनसीबी रिझर्व्हिंग लेटर मागून घ्या. तीन वर्षांत परत आलात तर नव्या गाडीला ५० टक्के तसेच लागतात.

पोचल्यावर न्यू जर्सीचं लायसन्स लवकर काढा. लेखी परीक्षेत ५० प्रश्न, ४० बरोबर हवेत, शिवाय डोळ्यांची तपासणी. लायसन्स हातात आलं की त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि प्रीमियम नव्याने काढायला सांगा. पॉलिसी सहा महिन्यांची घ्या, पैसे एकरकमी भरा म्हणजे हप्त्यांचा जादा आकार वाचतो. पहिल्या आणि दुसऱ्या नूतनीकरणाला, म्हणजे स्कोअर तयार झाल्यावर आणि वर्ष भरल्यावर, तीन-चार ठिकाणी पुन्हा कोटेशन काढा. त्याच कव्हरेजचा आकडा तेव्हा खाली येतो.

आणि गणपतीला दीड-दोन महिने गावी यायचं ठरलं तर पैसे वाचवायला पॉलिसी बंद करू नका. गाडी घराबाहेर नुसती उभी असली तरी नंबरप्लेटच्या पाट्या लावलेल्या आहेत तोवर लायबिलिटी चालू ठेवावी लागते. विना-इन्शुरन्स पहिल्याच गुन्ह्याला ३०० ते १,००० डॉलर दंड आहे, आणि खंड पडला की पुढचं कोटेशनही वाढतं. गाडी खरंच काढून टाकायची असेल तर आधी पाट्या मोटार व्हेईकल कमिशनला परत करायच्या, पावती घ्यायची, मगच इन्शुरन्स रद्द करायचा.