मेड्युसा काढायचीच असेल तर पुतळ्याकडे नको, मडक्याकडे बघा

लीड्सहून एका ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, आणि निम्मं रागाचं. "मुलगी १९ वर्षांची, युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. मनगटावर मेड्युसाचा टॅटू काढून घेणार म्हणते. इतकी वर्षं घरात रामरक्षा म्हटली, गणपती बसवला, आणि शेवटी ग्रीक कथेतली सापांच्या केसांची बाई? हे म्हणतात, काढायचंच तर आपल्या देवाचं तरी काढ. नोकरीचं काय, लग्नाचं काय, पूजेला चालेल का? तिनं निवडलेलं चित्र सोबत पाठवतेय."

ताई, राग समजतो. पण तुमच्या बऱ्याचशा प्रश्नांना मी शेवटी दोन-दोन ओळींत उरकणार आहे, कारण काळजी करण्यासारखी खरी गोष्ट त्या चित्रात आहे आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. संगमरवरी चेहरा, राखाडी छटा, तीसेक साप, केसाएवढ्या बारीक रेषा, आणि माप ५ सेंमी. मुलीला अडवू नका, पण हे चित्र मात्र अडवा.

टॅटूची शाई कातडीत साधारण १ ते २ मिमी खोल जाते. तिथल्या पेशी ती गिळून धरून ठेवतात, त्या मरतात, नव्या पेशी तीच शाई उचलतात, आणि या देवघेवीत रेषा वर्षागणिक थोडी थोडी रुंदावते. ५ सेंमीच्या चेहऱ्यात डोळा येतो जेमतेम ४ मिमीचा. त्यात पापणी, बुबुळ, बाहुली अशा तीन रेषा शेजारीशेजारी. काही वर्षांत त्या एक होतात. माझ्या पुतणीच्या मनगटावर असाच चेहरा आहे, आता तो द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. उलट माझ्या सासूबाईंच्या हातावरचं गोंदण म्हातारपणीही लांबून ओळखू यायचं, कारण गोंदणारणीनं टिंबं मोजकी आणि सुटी ठेवली होती. शाई पसरली, तरी पसरायला जागा होती.

आता दुसरी अडचण. पुतळ्याची नक्कल करायची तर सगळी भिस्त फिकट राखाडी छटांवर आणि पांढऱ्या चमकेवर. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत पांढरी शाई बसली की पिवळट होते किंवा दिसेनाशी होते, कारण शाई कातडीच्या वरच्या थराखाली असते आणि आपण ती त्या रंगातून बघतो. गोऱ्या हातावरचा फोटो बघून आपल्या मुली चित्र निवडतात आणि मग "आर्टिस्टनं बिघडवलं" म्हणतात.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, ग्रीक कथा हवी असेल तर ग्रीकांच्या मडक्यांवरून घ्या. अथेन्समध्ये इ.स.पू. ५३०-५२० च्या सुमारास कुंभार-चित्रकारांनी रेड-फिगर पद्धत सुरू केली. भोवतालची जमीन काळी, आणि माणसं भाजलेल्या मातीच्या तांबूस रंगात तशीच सोडलेली. अंगाचा आकार, वस्त्राच्या चुण्या, केस, सगळं काळ्या रेषेनं. छटा जवळपास नाहीतच. त्या मातीचा रंग आणि आपल्या हाताचा रंग बघा! आपल्याला रंग भरायचाच नाही, कातडी तशीच ठेवायची आणि फक्त रेषा काढायची. शिवाय तो चित्रकारही गोल पृष्ठभागावरच काम करत होता. संगमरवराच्या फोटोला दंडाची गोलाई ठाऊक नसते.

त्याआधीची ब्लॅक-फिगर पद्धत मात्र लहान टॅटूला घेऊ नका. तिच्यात आकृती पूर्ण काळी आणि आतले तपशील टोकदार अवजारानं कोरलेले. टॅटूत ते बारीक कोरीव काम म्हणजे काळ्या शाईत सोडलेल्या मोकळ्या फटी, आणि शाई पसरली की आधी बुजतात त्या याच. एक्सेकियास या चित्रकारानं रंगवलेले, सोंगट्यांचा पट मांडून बसलेले अकिलीस आणि एजॅक्स हे ट्रॉयच्या युद्धातले वीर व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहेत. पाठभर जागा असेल तर त्यांचा विचार करा. मनगटावर नको.

जागा निवडतानाही भांड्याचा आकार बघा. लेकिथोस ही तेलाची उंच, अरुंद बाटली. तिच्यावरची एकटी उभी आकृती कोपराखालच्या हाताला किंवा पोटरीला जशीच्या तशी बसते. कायलिक्स म्हणजे पसरट प्याला. त्याच्या आतल्या तळाचं गोल चित्र खांद्याच्या गोलाईला किंवा पाठीच्या वरच्या भागाला. बर्लिन पेंटर या नावानं ओळखला जाणारा चित्रकार एकच आकृती काळ्या जमिनीवर ठेवायचा आणि तिच्या पायाखाली नक्षीची एक छोटी पट्टी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचा किथारा हे तारवाद्य वाजवत गाणारा तरुण आहे, इ.स.पू. ४९० च्या सुमाराचा. काळी जमीन वगळून आकृती आणि पट्टी घेतली की १५ सेंमीत सुंदर टॅटू होतो. लहानच हवं असेल तर अथेन्सच्या प्याल्यांवरचं घुबड घ्या, दोन ऑलिव्हच्या डहाळ्यांमध्ये बसलेलं. ते ४ सेंमीतही टिकतं, कारण दोन मोठे डोळे आणि ठिपक्यांचं अंग, बस. (घुबड म्हटल्यावर आजी नाक मुरडणार, हे धरून चाला.)

आता तुमची मेड्युसा. जुन्या ग्रीकांची मेड्युसा सुंदर नव्हतीच. रुंद, थेट समोर बघणारा चेहरा, वटारलेले डोळे, सुळे, बाहेर काढलेली जीभ. हा चेहरा ढालींवर, देवळांच्या कौलांवर, प्याल्यांच्या तळाशी असायचा, वाईट नजर परतवायला. आपल्या देवळांच्या उंबरठ्यावरचं कीर्तिमुख आठवा. काम तेच, रूपही फार लांबचं नाही. रामरक्षा म्हणणाऱ्या घरानं या बाईला एवढं घाबरायचं कारण नाही. देखणी मेड्युसा इ.स.पू. पाचव्या शतकात दिसू लागते. मेट्रोपॉलिटनमध्येच पॉलिग्नोटोस या चित्रकाराचं एक भांडं आहे, त्यावर ती शांत झोपलेली आणि तिला मारणारा वीर पर्सियस विळा घेऊन आलेला. तुमच्या जवळ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पॅन पेंटरची पाण्याची घागर आहे. मान कापून झालेली, शिर पर्सियसच्या पिशवीत, मागे देवी अथीना. प्रवेश फुकट आहे. मायलेकी मिळून जा आणि रेषा जवळून बघून या.

चेहराच हवा असेल तर व्यास किमान ८ सेंमी, साप आठ ते दहा, दोन रेषांमध्ये २-३ मिमी मोकळी जागा. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्या पडतात आणि घासटही फार, म्हणून कोपराखालची बाहेरची बाजू बरी. मग ही चाचणी घ्या. चित्र खऱ्या मापात छापा आणि प्रत्येक रेषा दुप्पट जाड स्केचपेननं गिरवा. जिथे कागदाचा पांढरा रंग उरला नाही, तिथे पुढेमागे काळा डाग होणार. कागद भिंतीला लावून दोन मीटरवरून बघा. चेहरा ओळखू आला नाही तर साप कमी करा.

एक गोष्ट मात्र जपून. ओव्हिड या रोमन कवीनं सांगितलेल्या कथेत मेड्युसावर मंदिरात बलात्कार होतो आणि शिक्षाही तिलाच मिळते. त्यामुळे अत्याचार सोसलेल्या बऱ्याच स्त्रिया अलीकडे हा टॅटू आपली खूण म्हणून काढून घेतात. प्रत्येक मुलीचं कारण ते नसतं, अनेकींना फक्त साप आवडतात. पण "कसली घाणेरडी बाई निवडलीस" हे वाक्य तुम्ही पत्रात लिहिलंयत तसं तिच्यासमोर उच्चारू नका. कारण खोदून विचारू नका, ती बोलली तर मध्ये न तोडता ऐका.

स्टुडिओ निवडताना कौन्सिलकडे नोंदणी आहे ना ते बघा, इंग्लंडमध्ये ती लागते. आर्टिस्टला ताज्या कामाचे फोटो नका मागू, ताजं सगळंच छान दिसतं. सावळ्या कातडीवरचं, निदान वर्षभर जुनं काम दाखवा म्हणा. स्टेन्सिल, म्हणजे चित्राचा कच्चा ठसा, हातावर उमटवल्यावर हात खाली सोडून, कोपरात वाकवून, आरशात असं तीनदा बघायचं. वाकडं वाटलं तर पुसून पुन्हा लावायला सांगायचं. चांगला आर्टिस्ट कुरकुर करत नाही. आणि हे तुम्हीच तिला सांगू शकता: घरात कुणाला कान टोचल्यावर किंवा बीसीजीच्या जागी फुगीर, वाढत जाणारी गाठ आली होती का? आली असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. केलॉइडची शक्यता आपल्या लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त असते, आणि खांदा, छाती या जागा त्यात अधिक वाईट.

आता "हे म्हणतात" त्याबद्दल. यजमानांना सांगा, देवाचं चित्र काढलं की जबाबदारी वाढते. २०१५ मध्ये बंगळुरूत एका ऑस्ट्रेलियन तरुणाला नडगीवरच्या देवीच्या टॅटूवरून जमावानं घेरलं होतं. मेड्युसावरून कुणी घेरणार नाही. नोकरी: लांब बाहीचा शर्ट. पूजा: गोंदलेल्या हातांनीच आपल्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या नैवेद्य रांधला. लग्न: ती १९ वर्षांची आहे ताई, काहीतरीच काय!

बाकीची पत्रं भराभर. स्टुटगार्टच्या वहिनी, मुलानं निवडलेली जुन्या, भूमितीय नक्षीच्या ग्रीक मडक्यावरची पट्टी नीट बघा, घोड्यांच्या मधल्या जागेत स्वस्तिकं आहेत. घरात ती शुभ, पण जर्मनीत उघड्या दंडावर घेऊन फिरलात तर पोलिसांपुढे अर्थ सांगत बसावं लागेल. स्वस्तिकं काढून टाका, घोडे ठेवा. डॅलसचे काका, स्पार्टन शिरस्त्राणाखाली "मोलोन लावे" ("या आणि घ्या") म्हणजे अमेरिकेत बंदूकवाल्यांची घोषणा. चिरंजीवांना ते ठाऊक आहे का, एवढंच विचारा. टोरोंटोच्या मॅडम, ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातलं वचन हवंय तर जुन्या शिलालेखांसारखं मोठ्या अक्षरांत, ७ मिमी उंचीचं घ्या, आणि ग्रीक वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. "ग्रीक वळणाचे" म्हणून मिळणारे फॉन्ट ई अक्षराच्या जागी सिग्मा घालतात. वाचणारा तिथे स वाचतो.

आणि लीड्सच्या ताई, टॅटू झाल्यावर हळद नाही, खोबरेल नाही. कोमट पाणी, बिनवासाचा साबण, टिपून कोरडं करून स्टुडिओनं सांगितलेल्या मलमाचा पातळ थर. खपल्या सोलायच्या नाहीत, खाजलं तरी. दोन ते चार आठवडे पोहणं आणि ऊन बंद. तुम्ही डिसेंबरात गोव्याला जाणार असं लिहिलंयत, तर अपॉइंटमेंट ऑक्टोबरातली घ्यायला सांगा. नाहीतर ती समुद्राकाठी हात गुंडाळून बसेल आणि तुम्ही पुन्हा मलाच पत्र लिहाल.