पेगन माणूस म्हणजे जादूटोणा करणारा माणूस का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमची मुलगी शिकायला इंग्लंडला आली आहे, तिच्या घरातली दुसरी मुलगी स्वतःला पेगन म्हणवते, खोलीत मेणबत्त्या आणि देवीची मूर्ती मांडते. मग ती चेटूक करते का, आणि काळजी करावी का?

मी बरीच वर्षं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला राहते, शेजारात आणि ओळखीत पेगन लोक आहेत. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर पेगन हा ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या देवदेवतांना मानणारा धर्म आहे आणि जादूटोणा ही कृती. इतिहासात तर जादूटोणा हा बहुतेक वेळा दुसऱ्यावर केलेला आरोपच होता. दोघांची गाठ पक्की बसली ती विसाव्या शतकात, तीही पेगन मंडळींच्या एका शाखेत.

जुने पेगन लोक स्वतःच जादूटोण्याला घाबरत, हे फार जणांना ठाऊक नसतं. ज्युपिटर-मार्सला पुजणाऱ्या रोममध्ये इसवी सनापूर्वी साधारण ४५० सालच्या कायद्यातच मंत्राने दुसऱ्याचं पीक ओढून घेणं हा गुन्हा होता. प्लिनी या रोमन लेखकाने याच आरोपाची एक हकीकत लिहून ठेवली आहे आणि मला ती फार आवडते. क्रेसिमस नावाचा गुलामीतून सुटलेला एक शेतकरी. जमीन एवढीशी, पण पीक आजूबाजूच्या मोठ्या जमीनदारांपेक्षा जास्त. लोक म्हणू लागले, हा मंत्र घालून आमचं धान्य पळवतो. खटला उभा राहिला, तेव्हा हा माणूस आपलं सगळं शेतघर चौकात घेऊन आला: धडधाकट गडीमाणसं, नीट घडवलेली लोखंडी अवजारं, जड कुदळी, वजनदार फाळ, पोटभर खाल्लेले बैल. म्हणाला, नागरिकहो, हे माझे मंत्र. माझी रात्रीची जागरणं आणि घाम मात्र इथे आणून दाखवता येत नाही. एकमताने सुटला. यात आरोप करणारे पेगन, आरोपी पेगन, न्याय देणारेही पेगन. तेव्हा जादूटोणा हा त्यांचा धर्म होता असं कसं म्हणणार?

पुढे युरोपात साधारण १४५० ते १७५० या काळात चेटकीण ठरवून चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली. त्यात बहुसंख्य बायका. नव्वद लाख हा आकडा तुम्हाला कुठेकुठे दिसेल. तो अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाचा चुकीचा हिशोब आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. ही माणसं कुठला गुप्त जुना धर्म पाळत नव्हती. ती बाप्तिस्मा झालेली, चर्चला जाणारी साधी माणसं होती. शेजारणीशी भांडण झालं, नंतर तिची गाय मेली किंवा ताकातून लोणी निघेना, एवढ्यावर नाव यायचं. गावात आजार उतरवून देणारे जाणते असत, त्यांच्या मंत्रांतसुद्धा येशूचं आणि पवित्र आत्म्याचं नाव असे.

मग गाठ बसली कशी? १९२१ मध्ये मार्गारेट मरे या इजिप्तच्या अभ्यासक बाईंनी मांडलं की चेटकीण म्हणून मारलेले लोक ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते. त्यासाठी त्यांनी छळ करून घेतलेल्या कबुलीजबाबांतला उडण्या-बिडण्याचा अशक्य भाग गाळून उरलेला पुरावा म्हणून वापरला. इतिहासकारांनी हे मत केव्हाच मोडीत काढलं. पण तोवर जेराल्ड गार्डनर यांनी ते उचललं होतं. हे मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. १९५१ मध्ये ब्रिटनमधला १७३५ चा जादूटोण्याचा कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून जाहीर केलं की तो जुना धर्म अजून जिवंत आहे. त्यातून विक्का हा नवा पेगन पंथ उभा राहिला; जादूशी जोडलेली पेगन शाखा ती हीच. त्यांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी त्याचे विधी आणि प्रार्थना नव्याने लिहिल्या, आणि त्यांच्या लेखणीचं मला मनापासून कौतुक आहे. विक्का नवा आहे म्हणून खोटा ठरत नाही. माणसं तो श्रद्धेने जगतात.

माझी एक मैत्रीण विक्कन आहे. तिच्या टेबलावर काळ्या मुठीची सुरी, पेला, मिठाची वाटी आणि धूप असतो. त्या सुरीने ती काही कापत नाही, हवेत वर्तुळ आखते आणि चारी दिशांना आवाहन करते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री गेलेल्यांचे फोटो मांडून त्यांच्यासाठी ताट वाढते, अगदी आपल्या पितृपंधरवड्यासारखं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मेणबत्तीवर काहीतरी कोरून ती पेटवते. तिची जादू ती एवढीच. कुणाचं वाईट करायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम.

सगळे पेगन मात्र विक्कन नसतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म पेगन लिहिला, विक्का लिहिणारे सुमारे १३ हजार. प्राचीन केल्ट लोकांची परंपरा मानणारे ड्रुइड आहेत, थोर-ओडिन या उत्तर युरोपातल्या जुन्या देवांना मानणारे हीथन आहेत, त्यातल्या कितीतरी जणांना मंत्रतंत्रात रस नाही. उलट स्वतःला विच, म्हणजे चेटूक करणारे, म्हणवणारे काही जण कुठलाच देव मानत नाहीत.

आपल्याकडे हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो ते साहजिक आहे. नंदुरबारकडे अजूनही बाईला डाकीण ठरवून मारहाण होते आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. पण तिथे ते नाव गाव बाईवर लादतं. इंग्लंडमधली मुलगी ते स्वतः घेते, आणि त्यात कुणाचा बळी जात नाही.

मुलीला सांगा, त्या मुलीला सरळ विचार, तू कुठल्या परंपरेतली? पेगन लोकांना हा प्रश्न आवडतो, ती तासभर बोलेल. माझी भाची इकडे आली तर अशा मुलीबरोबर घर घ्यायला मी तिला बिनदिक्कत सांगेन.