दोन ऑफिसांमध्ये वायरलेस लिंक टाकताना

चारशे मीटरसाठी मोठी डिश घेऊ नका. ५ गिगाहर्ट्झची छोट्या अँटेनांची जोडी पुरते. २०१८ पासून आपल्याकडे या पट्ट्याला परवाना लागत नाही, फक्त पॉवरची मर्यादा पाळा.

आधी गच्चीवर जा. समोरची गच्ची नुसती दिसली म्हणजे भागलं असं नाही. ५.८ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरात मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे सव्वादोन मीटर त्रिज्येची जागा लागते, त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी. पाहणी एप्रिलात केली असेल तर मधल्या झाडांचा अंदाज जास्तीचाच धरा. पावसाळ्यात पालवी दाट होते आणि ओली पानं सिग्नल खातात. पावसाला लोक उगाच दोष देतात, या फ्रिक्वेन्सीला त्याचा फारसा त्रास नसतो.

अँटेना एकमेकींसमोर जुळवायला दोन्ही टोकांना माणूस हवा, फोन चालू. आधी आडवं फिरवा, मग उभं, अगदी हळू. सिग्नलची ताकद उणे ५० ते उणे ६० डीबीएम (ती मोजायचं एकक) दिसली की नट आवळा आणि आकडा परत बघा. आवळतानाच अँटेनाचं तोंड फिरतं.

अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) यांत मात्र कृपा करून काटकसर नको. जवळपास वीज पडली तर केबलमधून खालचा नेटवर्कचा स्विचही जातो.